स्वस्त समभाग शोधून देणारा स्क्रीनर: एक परीक्षण

व्यवसायाचे अंगभूत मूल्य अंदाजून बाजारभाव त्याहून बराच खाली असतानाच समभाग घेणे, ही मूल्याधारित गुंतवणूक. अशा कंपन्या हुडकून देण्याचा दावा करणारी एक ऑनलाइन स्क्रीनर सेवा मी नियमितपणे वापरतो. चाळणी म्हणून ती उत्तम आहे, परंतु सल्लागार म्हणून तिच्यावर विसंबू नये.

स्वतःचे सूत्र लिहिण्याची सोय हे तिचे पहिले बलस्थान. पी/ई (भाव भागिले प्रति समभाग नफा) १५ च्या आणि भाव-पुस्तकी मूल्य गुणोत्तर (भाव भागिले प्रति समभाग निव्वळ मालमत्ता) १.५ च्या आत असावे, किंवा किमान दोहोंचा गुणाकार २२.५ पेक्षा जास्त नसावा, ही मूल्याधारित गुंतवणुकीचे जनक बेंजामिन ग्रॅहम यांची अट येथे सहज लावता येते. मात्र ग्रॅहम ३ वर्षांचा सरासरी नफा धरत आणि ही सेवा आपणहून केवळ मागील १२ महिन्यांचा धरते, त्यामुळे पोलाद किंवा साखरेसारख्या चक्रीय उद्योगांतील कंपन्या नफा शिखरावर असताना, म्हणजे नेमक्या नको त्या वेळी, स्वस्तांच्या यादीत अग्रभागी दिसतात. सरासरीचे सूत्र आपणच लिहावे.

स्वस्त असणे आणि अवमूल्यित असणे यांतील फरक यादीला कळत नाही. वॉरन बफे यांनी १९६५ मध्ये ताबा घेतलेली बर्कशायर हॅथवे ही कापड कंपनी खेळत्या भांडवलाच्या (चालू मालमत्ता वजा चालू देणी) हिशेबाने स्वस्तच होती, तरी तिचा कापडधंदा सावरला नाही आणि १९८५ मध्ये तो बंद करावा लागला. असे सापळे ओळखायला या सेवेतील १० वर्षांचा तक्ता फार उपयोगी पडतो, कारण त्यात निव्वळ नफा आणि कामकाजातून आलेली रोकड शेजारीशेजारी दिसतात. नफा वाढत असून रोकड येत नसेल आणि ग्राहकांकडील येणी विक्रीपेक्षा वेगाने फुगत असतील, तर पी/ई कितीही कमी असो, मी ती कंपनी बाजूला ठेवतो. या एका पानासाठी वर्गणी भरावी, असे माझे मत आहे.

‘योग्य मूल्य’ म्हणून ठळक अक्षरांत दिलेला आकडा मात्र दिशाभूल करणारा आहे. सवलतीचा दर (भविष्यातील रोकड आजच्या मूल्यात आणण्याचा दर) १० टक्के धरून त्या रोकडीची कायमस्वरूपी वाढ ४ ऐवजी ५ टक्के मानली, तर मूल्य एकदम २० टक्क्यांनी वाढते, आणि सेवेने कोणता दर मानला आहे हे शोधायला तीन पाने उलटावी लागतात! हा आकडा बंद ठेवण्याची सोय असायला हवी होती.

बँका आणि विमा कंपन्यांना इतरांच्याच चाळणीतून गाळले जाते, हीदेखील मोठी उणीव आहे. ठेवी हे बँकेचे देणे असले तरी तोच तिचा कच्चा माल असल्याने तिला कर्ज-भागभांडवल गुणोत्तराची सर्वसाधारण मर्यादा लावणे निरर्थक ठरते. बँकांसाठी थकीत कर्जांचे प्रमाण दाखवणारा स्वतंत्र तक्ता मिळेपर्यंत मी हे क्षेत्र यादीतून वगळूनच शोध घेतो.