इगाचं दोनाबे आणि घरचा चिकन-भात: काही महिन्यांच्या वापरानंतर

घरी भात रोज लागतो, शेगडी गॅसची आहे, तर दोनाबे, म्हणजे झाकणाचं जपानी मातीचं भांडं, घ्यावं का, असं इथे तोक्योत निशी-कासाईतले ओळखीचे बरेच जण विचारतात. मी ते थंडीत घेतलं, आता जूनचा पावसाळाही त्यावर निघाला. साध्या भातासाठी राइस कुकर पुरतो. पण चिकन आणि भाज्या घालून केलेल्या ताकिकोमी गोहानसाठी मला आता दुसरं भांडं नको.

माझं भांडं तीन गोचं, दोन झाकणांचं. एक गो म्हणजे १८० मिली, साधारण १५० ग्रॅम तांदूळ. मिए प्रांतातल्या इगाची माती प्राचीन बिवा सरोवराच्या तळाची आहे. तिच्यातले वनस्पतींचे अवशेष भट्टीत जळून जातात आणि मातीत बारीक छिद्रं राहतात. त्यामुळे भांडं सावकाश तापतं आणि त्याहून सावकाश निवतं. सगळी मदार या निवण्यावरच आहे.

दोन गो तांदूळ धुऊन अर्धा तास साध्या पाण्यात भिजवायचे आणि निथळायचे. सोय सॉस आधीच घातला तर तांदूळ पाणी नीट पीत नाहीत आणि दाणा मधे कच्चट राहतो, म्हणून तो शेवटी. चिकन मांडीचं आणि कातडीसकट घ्या, कारण भाताला चव त्या चरबीची येते. दोनशे ग्रॅमचे लहान तुकडे करून थोडा सोय सॉस आणि साके (तांदळाची दारू) चोळून ठेवायचे. गोबो या लांब मुळाची साल सुरीच्या पाठीने खरवडून, पेन्सिल तासावी तसे पातळ काप काढून पाण्यात टाकायचे, नाहीतर काळे पडतात. शिवाय गाजर, तळलेल्या तोफूच्या पट्ट्या आणि सुके शिताके मशरूम. शिताके भिजवलेलं पाणी टाकायचं नाही, तीच दाशी, म्हणजे चवीचं पाणी. दोन चमचे सोय सॉस, एकेक चमचा मिरीन (स्वयंपाकाची गोड दारू) आणि साके, बाकी दाशी, सगळं मिळून ४०० मिली. चिकन-भाज्या तांदळावर नुसत्या पसरायच्या. ढवळलं की भात कुठे शिजतो, कुठे राहतो.

दोन्ही झाकणांची भोकं एकमेकांना काटकोनात ठेवली की उतू जात नाही. मध्यमपेक्षा जरा मोठी आच, बारा-तेरा मिनिटांत भोकातून वाफेचा जोराचा झोत येतो. खमंग सोय सॉसचा वास आला की गॅस बंद, आणि पुढची वीस मिनिटं झाकणाला हात लावायचा नाही. चिकन याच वेळात मऊ होतं. तळाची तांबूस खरवड आमच्याकडे वाटून घ्यावी लागते. सोबत मिसो सूप आणि उकडून पिळलेला, दाशीत मुरवलेला पालक, की जेवण पूर्ण.

आता त्रास. जपानात २००८ पासूनच्या घरगुती गॅस शेगड्यांना तेल जास्त तापू नये म्हणून सेन्सर असतो. जाड मातीखाली तो मधेच आच कमी करतो आणि भात बिघडतो. बहुतेक शेगड्यांवर बटण काही सेकंद दाबून तो तात्पुरता सैल करता येतो. घेण्याआधी आपल्या शेगडीवर ही सोय आहे का, ते बघाच. इंडक्शनवर हे भांडं चालत नाही.

दुसरा त्रास वाळवण्याचा. पावसाळ्यात ते रात्रभर उपडं ठेवूनही आतून ओलसर राहतं आणि तसंच कपाटात गेलं तर बुरशी धरते. मी ते धुतल्यावर दोन दिवस उघड्यावर ठेवते. साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवू नका, माती साबण पिते. वास राहिलाच तर वापरलेली चहाची पत्ती घालून पाणी उकळा. नव्या भांड्यात आधी तांदळाची पेज शिजवायचीच, स्टार्चने छिद्रं बुजतात. तळ ओला असताना आचेवर ठेवलं तर तडा जातो.

रिकामं भांडंच चारेक किलोचं आहे, मनगट दुखणाऱ्यांनी एक-दोन गोचं घ्यावं. किंमत दहा हजार येनांच्या वर गेली, तरी आठवड्यातून एकदा चिकन-भात होणार असेल तर मी ते घ्याच म्हणेन. उरलेला भात त्यात रात्रभर ठेवू नका. गरम असतानाच त्याचे ओनिगिरी, म्हणजे भाताचे मुटके, वळा, दुसऱ्या दिवशीच्या डब्याला होतात.