पोलीस, शिक्षक की पाळक? निवडताना मी काय पाहिलं

आमच्या ख्रिस्ती मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, बारावी किंवा पदवी झालेली मुलं दरवर्षी हाच प्रश्न घेऊन येतात. लोकांच्या उपयोगी पडायचंय, तर पोलीस भरतीला उतरावं, डी.एल.एड. (शिक्षक पदविका, पूर्वीचं डी.एड.) करून टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा द्यावी, की पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, होण्यासाठी थेट सेमिनरी (धर्मशिक्षणाचं विद्यालय) गाठावी? नगर जिल्ह्यात ही तिन्ही कामं मी याच क्रमाने केली. डी.एड. झालं होतं, पण शिक्षकांच्या जागा निघत नव्हत्या, म्हणून आधी भरतीला उभा राहिलो. पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलो आणि आता पाळक आहे. उंची, वय, गुण हे सगळं जाहिरातीत असतं, ते इथे सांगत बसत नाही.

सुरुवात पोलिसांपासून, कारण या कामाबद्दल आपल्या मंडळीत नाहक गैरसमज आहेत. रात्री दीड वाजता नवऱ्याच्या माराने रक्ताळलेली बाई ठाण्यात येते, तेव्हा शिक्षक तिला समजावू शकतो, पाळक तिच्यासाठी प्रार्थना करू शकतो, पण मारणाऱ्याचा हात जागच्या जागी पोलीसच धरू शकतो. ही ताकद दुसऱ्या कुठल्याच सेवेत नाही आणि ती हातात असताना माणूस देवाचं काम करत नाही असं मला कधीच वाटलं नाही. कामाचे तास विचारू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम २८ सांगतं की पोलीस सदैव कर्तव्यावरच आहे असं मानायचं. गणपती, आषाढी, निवडणूक, सगळीकडे बंदोबस्त. नाताळच्या मध्यरात्री चर्चच्या फाटकाबाहेर उभं राहून आतली गीतं ऐकली आहेत. त्याचा त्रास मला फारसा झाला नाही.

त्रास झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. अकस्मात मृत्यूची खबर आली की तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४ लागायचं, जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १९४ लागतं. पंच बोलवायचे, पंचनामा करायचा, प्रेत शवविच्छेदनाला पाठवायचं, मग नातेवाइकांच्या ताब्यात द्यायचं. एका घराच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दिवशी पोलीस तिथे तासन् तास असतो आणि कागद पुरा झाला की त्या घराशी त्याचा संबंध तुटतो. विहिरीत बुडून गेलेल्या एका शेतकऱ्याच्या घरी दहावा झाल्यावर मी नुसता विचारपूस करायला गेलो होतो, तेही साध्या कपड्यांत. त्याच्या बायकोने मला ओळखलं, आत गेली आणि प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले सगळे कागद आणून माझ्यापुढे ठेवले. “साहेब, अजून काय राहिलंय?” शेजारी अंगणात जमले. मी कशासाठी आलोय हे सांगूनही तिला पटलं नाही आणि चहा न घेता मी उठलो. पोलिसाने पुन्हा दारात येणं म्हणजे काहीतरी निघालं, असंच लोक धरतात. त्यात त्या बाईची काही चूक नव्हती. पण मला परत जाता येईल असं काम हवंय, हे तिथेच ठरलं. दुसऱ्या कुणाला ही गोष्ट इतकी लागणारही नाही.

शिक्षकाचं तसं नाही. “गुरुजी आले” म्हणत घोंगडी अंथरली जाते. पाथर्डी-शेवगावकडे दसरा-दिवाळीनंतर टोळ्या ऊसतोडीला निघतात आणि वर्गातली मुलंही आईबापांबरोबर जातात. तेव्हा घरोघर फिरून “आजीपाशी ठेवा, हंगामी वसतिगृह सुरू होतंय” असं सांगणं हे माझ्या लेखी फळ्यावरच्या शिकवण्याइतकंच मोठं काम होतं. थांबलेलं एकेक मूल डोळ्यांपुढे वाढताना दिसतं. हे सुख मला नंतर पाळकपणातही तितकं मिळालेलं नाही, हे मान्य करायला हवं.

अडचण वेळेची. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक काम देता येत नाही. पण “आजच्या आज भरा” म्हणून येणाऱ्या ऑनलाइन माहितीला हे कलम आडवं येत नाही. घरभेटीची संध्याकाळ त्यातच जाते. पगार मात्र तिन्हींत इथे बरा, अर्थात शिक्षणसेवक म्हणून मानधनावरची पहिली तीन वर्षं काढल्यावर (२०२३ पासून प्राथमिकला दरमहा १६,००० रुपये मानधन आहे). शिवाय चौथी झाली की मूल दुसऱ्या शाळेत जातं. मग त्याच्या घरी कोणी आजारी असलं तरी जायला निमित्त शोधावं लागतं. सरकारी शाळेत धर्म शिकवायचा नाही हे मला पूर्ण मान्य होतं आणि आहे, पण दुःखातल्या माणसापाशी बसल्यावर ओठांवर आलेली प्रार्थना गिळावी लागायची.

पाळकाचं काम दुरून शांत दिसतं, तसं ते नाही. सेरामपूरची बी.डी. ही धर्मशास्त्राची पदवी, मग डीकन (साहाय्यक पाळक), मग प्रेस्बिटर (पूर्ण दीक्षा झालेला पाळक), यात बरीच वर्षं जातात. वेतन शिक्षकाच्या जवळपासही नाही. बदल्या आहेत, वडीलमंडळींतले रुसवेफुगवे आहेत, मालमत्तेचे वाद आहेत. घरच्यांची तयारी नसेल तर या वाटेला जाऊ नये असं मी स्पष्ट सांगतो. पण दफनविधीच्या दिवशी जावं, आठवड्याने जावं, वर्षाच्या आठवणीला जावं, कुणीही विचारत नाही की का आलात. उलट न गेल्याचा जाब विचारतात. ख्रिस्ती नसलेली घरंही दार उघडतात. परत जाणं हेच इथलं काम.

आपल्याकडे शिक्षक आणि पाळक यांच्यात भिंत फारशी नव्हतीच. मिशनच्या काळी गावचा मास्तरच रविवारी उपासना चालवायचा. कवी ना. वा. टिळक शिक्षकी करत होते, १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, नगरच्या सेमिनरीत शिकवलं, १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ उभा केला. पोलीस प्रशिक्षण घेतलेल्यांना नानवीजचं प्रशिक्षण केंद्र माहीत असतं, त्याच दौंड तालुक्यात केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. तिथे आसरा, शाळा आणि उपासना एकाच आवारात होती.

अन्याय पाहून ज्याचं रक्त उसळतं आणि जो कागद पुरा करून पुढच्या कामाला लागू शकतो, त्याने बेलाशक भरती द्यावी, आम्हाला असे पोलीस हवेतच. मुलांत रमणाऱ्याने शाळा धरावी. तिशीच्या आतल्यांनी तर सेमिनरीआधी काही वर्षं यांपैकी एका कामात घालवावीत असं माझं मत आहे. माझ्यापुरतं म्हणाल, तर पुन्हा निवडायची वेळ आली तरी मी पाळकच होईन, फक्त वर्गातून जरा उशिरा निघेन. अर्ज भरण्याआधी एक करा. रविवारची उपासना पाहून ठरवू नका, तुमच्या पाळकसाहेबांना विचारून मंगळवार-बुधवारच्या घरभेटींना महिनाभर त्यांच्यामागे चाला. जिथे एकदा गेलात तिथे दुसऱ्यांदा जावंसं वाटतं का, ते पाहा आणि मग या, आपण बसून बोलू.