रँकिंगचा फ्लेक्स दाखवून एमबीएच्या नावाखाली फसवणूक

जळगाव-धुळ्याकडच्या ज्या घरांत यंदा एमबीएच्या ॲडमिशनची धावपळ चालू आहे, त्यांनी हे वाचाच. माझ्या भाच्याचं झालं ते दुसऱ्या कुणाच्या पोराचं होऊ नये.

पुण्याच्या एका संस्थेने जळगावात मेळावा घेतला होता. मंचावर भला मोठा फ्लेक्स, 'भारतात ७ वा क्रमांक'. त्यांचा माणूस आमच्या दाजींना म्हणाला, "काका, सीईटीचा स्कोअर राहू द्या. रँकिंग बघा ना! पोरगं सेटल झालं समजा." केळीचे पैसे नुकतेच हातात आले होते, बाकीचं शैक्षणिक कर्ज काढायचं ठरलं. दाजींनी तिथेच टोकन भरलं.

पुढे ते माहितीपत्रक माझ्या हाती आलं. सातच्या आकड्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं, 'उदयोन्मुख खासगी संस्था, पश्चिम विभाग'. कुठल्या मासिकाचा सर्व्हे, कुठल्या वर्षीचा, काही नाही. 'सर्वाधिक पॅकेज' होतं ते एकाच मुलाचं, आणि तो आधी चार वर्षं नोकरी करून आलेला. बाकीच्यांना विमा पॉलिसी नाहीतर पर्सनल लोन विकायच्या, टार्गेटवाल्या नोकऱ्या. भाच्याच्या पगारात पुण्यातली खोली आणि मेस कशीबशी भागते. कर्जाचा हप्ता दाजी रावेरहून भरतात. संताप येतो तो याचा.

रँकिंग म्हणजे सगळंच थोतांड, असं मी म्हणत नाही. केंद्र सरकारची एनआयआरएफ क्रमवारी २०१६ पासून निघते. व्यवस्थापन संस्थांसाठी तिथे १०० पैकी ३० गुण अध्यापन-साधनांना, ३० संशोधनाला, निकाल-नोकऱ्यांना फक्त २०, उरलेले सर्वसमावेशकता आणि नावलौकिकाला. म्हणजे वरचा क्रमांक आला म्हणून पगारही वरचा, असं धरून चालू नका. पण त्याच वेबसाइटवर संस्थेने भरलेली माहिती पाहता येते: किती मुलं पास झाली, किती नोकरीला लागली, मध्यक पगार किती. निम्म्या मुलांना त्याहून कमी मिळतं. सर्वाधिक पॅकेज सोडा, हा आकडा मागा.

तोही संस्थाच भरते, हे विसरू नका. अमेरिकेत टेम्पल विद्यापीठाच्या फॉक्स बिझनेस स्कूलचे माजी डीन मोशे पोरॅट यांना रँकिंगसाठी खोटी आकडेवारी दिल्याबद्दल २०२२ मध्ये १४ महिन्यांची कैद झाली. त्यांचा ऑनलाइन एमबीए सलग चार वर्षं पहिल्या नंबरावर होता! म्हणून मागच्या दोन बॅचच्या मुलांना फोन लावा, आणि ती मुलं संस्थेने गाठून दिलेली नकोत, तुम्ही शोधलेली हवीत.

जाहिरातीत क्रमांक सांगायचा तर तो कुणी दिला आणि कधी दिला हे छापलंच पाहिजे, असा जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या एएससीआयचा नियम आहे. तक्रार तिथे ऑनलाइन करता येते. आम्ही पत्रक जोडून केली आहे. अशा मेळाव्यातला फ्लेक्सचा फोटो, पत्रक, टोकनची पावती कुणाकडे असेल तर फेकू नका.