वर्षभर वापरलेला ‘अमेरिका द ब्यूटिफुल’ पास: आई-बाबा, दोन मुलं आणि गाडीने केलेल्या सहली

राष्ट्रीय उद्यानांचा ८० डॉलरचा वार्षिक पास घ्यावा का, असं दर उन्हाळ्यात ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतं. ज्यांचे आई-वडील भारतातून यायचे असतात, ते तर हमखास विचारतात. आम्ही कोलोराडोतल्या डेन्व्हरजवळ राहतो. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या मे महिन्यात आम्ही हा पास घेतला आणि आता त्याची मुदत संपत आली आहे. दोन मुलांना घेऊन तो वापरला, साताऱ्याहून आलेल्या आई-बाबांना घेऊन वापरला, आणि जवळपासच्या छोट्या फेऱ्यांनाही वापरला. माझं मत आधीच सांगते: गाडीने फिरणाऱ्या कुटुंबाने तो जरूर घ्यावा. फक्त तो कुठे चालतो आणि कुठे अजिबात चालत नाही, हे निघण्याआधी माहीत हवं.

पैशांचा हिशेब सोपा आहे. झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅन्यन या उद्यानांना गाडीमागे ३५ डॉलर, आर्चेस आणि कॅन्यनलँड्सला ३०, कॅपिटल रीफला २०. एवढी सहा ठिकाणं एका सहलीत केली तर १८५ डॉलर होतात. म्हणजे तीन मोठी उद्यानं झाली की पासचे पैसे वसूल.

पण हा ‘वसूल’ शब्द डोक्यातून गेला, हाच मला या पासचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो. आपण दारात ३० डॉलर मोजले की दिवस मावळेपर्यंत एकही जागा सोडवत नाही. मुलं कंटाळली, आईचे गुडघे दुखायला लागले, तरी ‘एवढे पैसे भरलेत, तेवढा पॉइंट बघून घेऊ’ असं होतं. पास हातात असला की तासाभरात परत फिरतानाही काही वाटत नाही, आणि वाटेतल्या छोट्या जागेकडे गाडी वळवतानाही हात आखडत नाही. युटातल्या मोअॅब गावाला जाताना ग्रँड जंक्शनजवळ कोलोराडो नॅशनल मॉन्युमेंट लागतं. तिथल्या कड्यावरचा रिम रॉक ड्राइव्ह २३ मैलांचा आहे आणि गाडीतून उतरायचीही गरज पडत नाही. दीड तासासाठी २५ डॉलर आम्ही कधीच भरले नसते. बाबांना मात्र संपूर्ण प्रवासात तो रस्ता सर्वांत आवडला. ग्रेट सँड ड्यून्सचंही तसंच. उन्हाळ्याच्या सुरुवातीला बर्फ वितळून तिथे वाळूच्या टेकड्यांच्या पायथ्याशी मेडानो क्रीक हा ओढा वाहतो. मुलं त्यातच खेळत बसली, टेकडी चढायची राहिली. म्हटलं राहू दे, थंडीच्या आधी पुन्हा येऊ. आणि गेलो.

आता नियम. जिथे गाडीमागे शुल्क असतं, तिथे खासगी गाडीतल्या सगळ्यांचा प्रवेश एका पासात होतो. जिथे माणशी शुल्क असतं, तिथे पासधारक आणि बरोबरचे तीन मोठे जातात. पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तसंही शुल्क नसतं. सॅन फ्रान्सिस्कोजवळचं म्युअर वुड्स हे माणशी शुल्काचं उदाहरण. तिथे प्रवेश पासात होतो, पण गाडी लावण्यासाठी आधी वेगळं आरक्षण करून पैसे भरावेच लागतात. दारावर पासबरोबर फोटो असलेलं ओळखपत्र मागतात, त्यामुळे ज्याच्या नावाचा पास आहे तो माणूस गाडीत हवा. पासची मुदत पुढच्या वर्षी त्याच महिन्याच्या शेवटच्या तारखेला संपते. म्हणून तो महिन्याच्या सुरुवातीला घ्यावा, जवळजवळ तेरा महिने वापरता येतो.

घरात चौथीत शिकणारं मूल असेल तर मात्र विकत घेऊ नका. ‘एव्हरी किड आउटडोअर्स’ या योजनेत चौथीच्या मुलांना सप्टेंबर ते पुढच्या ऑगस्टपर्यंत चालणारा पास मोफत मिळतो आणि त्यावर घरचे सगळे गाडीतून जाऊ शकतात. हे शाळेतून सगळ्यांना कळतंच असं नाही.

आई-वडिलांबद्दल सविस्तर लिहिते, कारण खरी अडचण तिथेच येते. साठीच्या पुढच्या लोकांना स्वस्त पास मिळतो असं कुणीतरी सांगतं. तसा तो आहे, वर्षाचा २० डॉलरला आणि आयुष्यभराचा ८० डॉलरला. पण तो ६२ वर्षं आणि त्यापुढच्या अमेरिकन नागरिकांसाठी आणि ग्रीन कार्डधारकांसाठी आहे, पर्यटक व्हिसावर आलेल्यांना मिळत नाही. त्यातच १ जानेवारी २०२६ पासून दर बदलले आहेत. अमेरिकेत राहणाऱ्यांना वार्षिक पास ८० डॉलरलाच मिळतो, परदेशी पाहुण्यांना तो २५० डॉलरला पडतो. आणि पास नसेल तर ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइस, यलोस्टोन, योसेमिटी, रॉकी माउंटन अशा ११ उद्यानांत सोळा वर्षं आणि त्यापुढच्या परदेशी पाहुण्याला नेहमीच्या शुल्कावर माणशी १०० डॉलर जादा द्यावे लागतात. आमचे आई-बाबा त्याआधी येऊन गेले. यंदा ज्यांच्याकडे पाहुणे येणार आहेत त्यांनी ज्या उद्यानात जायचं त्याच्या संकेतस्थळावरचा शुल्काचा भाग निघण्याआधी वाचून घ्यावा. चार पाहुणे असतील तर रक्कम लहान नाही.

पैशांपेक्षाही उंचीचा विचार आधी करा. सातारा समुद्रसपाटीपासून जेमतेम अडीच हजार फुटांवर. डेन्व्हर ५,२८० फुटांवर, आणि रॉकी माउंटनमधला ट्रेल रिज रोड १२,१८३ फुटांपर्यंत चढतो. म्हणून आई-बाबा आल्यावर पहिले काही दिवस आम्ही घरीच काढले, मग कमी उंचीवरची ठिकाणं केली आणि तो रस्ता सगळ्यांत शेवटी ठेवला. वर थोडा वेळ थांबलो, पाणी पीत राहिलो, हळूहळू चाललो आणि उतरलो. ज्यांना हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास आहे, त्यांनी निघण्याआधी डॉक्टरांशी बोलावं.

गुडघे धरून चालणाऱ्यांसाठी काही जागा फार चांगल्या आहेत. ब्राइसला सनराइज पॉइंट ते सनसेट पॉइंट हा कड्यावरचा अर्धा मैल पक्का आहे आणि तिथून दगडी सुळक्यांचं सगळं दृश्य दिसतं, खाली उतरायची गरज नाही. आर्चेसला डेलिकेट आर्चपर्यंतची वाट जाऊन-येऊन तीन मैलांची, चढाची आणि उन्हाची आहे. पण खालून ती कमान लांबून दाखवणारी सपाट जागा आहे. आई तिथे बसली आणि मुलं बापाबरोबर वर गेली. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावर हर्मिट रोडवर मार्च ते नोव्हेंबर खासगी गाड्यांना बंदी असते, उद्यानाची मोफत बस असते. ज्यांना बसमध्ये चढ-उतार जमत नाही त्यांच्यासाठी स्वतःची गाडी नेण्याचा मोफत परवाना मिळतो. तो दारावरच मागा. आपल्याकडच्या लोकांना असं काही मागायचा संकोच वाटतो, पण ही सोय नेमकी आपल्या आई-वडिलांसारख्यांसाठीच केलेली आहे.

कॅपिटल रीफ बरेच जण गाळतात. गाळू नये. मॉर्मन पंथाच्या वसाहतकारांनी १८८० च्या सुमारास लावायला सुरुवात केलेल्या, फ्रुटा या जुन्या वस्तीच्या फळबागा तिथे अजून आहेत, मोसमात ठरलेल्या बागांतून फळं तोडून घेता येतात. महामार्ग २४ वरून जाताना काहीच शुल्क नाही, पुढच्या सीनिक ड्राइव्हला आहे. बाबांनी झाडांभोवती केलेल्या आळ्यांपासून पाटाच्या पाण्यापर्यंत सगळं बघितलं आणि दुपार तिथेच गेली.

पासने जे होत नाही, ते आता. पास असला म्हणून ठरलेल्या वेळेच्या प्रवेशाचं आरक्षण मिळत नाही. २०२५ मध्ये रॉकी माउंटनला मेअखेरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ते लागत होतं, आर्चेसलाही मोसमातल्या बऱ्याच दिवसांना लागत होतं. त्याचे दोन डॉलर वेगळे. रॉकी माउंटनची काही आरक्षणं आदल्या संध्याकाळी सात वाजता खुली होत असत. पाहुणे घरी असताना आम्हाला तीच जास्त उपयोगी पडली, कारण महिनाभर आधी कुणाची तब्येत कशी असेल ते सांगता येत नाही. मेसा वर्देला क्लिफ पॅलेस ही कड्यातली जुनी वस्ती जवळून बघायची तर रेंजर म्हणजे उद्यानरक्षकाबरोबरच्या फेरीचं तिकीट वेगळं काढावं लागतं. झायनला एंजल्स लँडिंग या सुळक्याच्या, साखळ्या धरून चढायच्या वाटेसाठी २०२२ पासून सोडतीतून परवाना घ्यावा लागतो. तंबूच्या जागांचे पैसेही वेगळेच असतात.

राज्यांची उद्यानंही वेगळी. मोअॅबजवळचं डेड हॉर्स पॉइंट युटा राज्याचं, लास व्हेगासजवळचं व्हॅली ऑफ फायर नेवाडाचं, तिथे हा पास दाखवून उपयोग नाही. माउंट रशमोरला प्रवेश मोफत आहे, पण गाडी लावायचे पैसे पडतात आणि ते पासात येत नाहीत. ग्रेट स्मोकी माउंटन्सला प्रवेशशुल्क नाही, मात्र २०२३ पासून पंधरा मिनिटांपेक्षा जास्त गाडी उभी करायची तर वेगळा टॅग विकत घ्यावा लागतो.

झायनहून ग्रँड कॅन्यनची उत्तर कडा जवळची. पण जुलै २०२५ च्या ड्रॅगन ब्राव्हो वणव्यात तिथलं जुनं लॉज जळून गेलं, म्हणून आम्ही अॅरिझोनातल्या पेज या गावावरून दक्षिण कड्याला गेलो. पेजची दोन प्रसिद्ध ठिकाणं पासच्या बाहेरची आहेत. हॉर्सशू बेंडला गाडीतळाचे पैसे पेज शहर घेतं. अँटेलोप कॅन्यन नावाहो या मूळनिवासी लोकांच्या जमिनीवर आहे आणि त्यांच्या वाटाड्याबरोबरच आत जाता येतं. ते पैसे त्या लोकांना मिळतात, हे मला योग्यच वाटतं. तिथे घड्याळाकडे लक्ष ठेवा. अॅरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, युटा करतं आणि नावाहो प्रदेशही करतो. फोन आपोआप एका वेळेवरून दुसऱ्या वेळेवर जात राहतो. फेरीची वेळ कुठल्या घड्याळाची, हे आरक्षण करतानाच विचारून कागदावर लिहून ठेवावं.

रस्त्यांबद्दल थोडं. मोअॅब ते कॅपिटल रीफजवळचं टॉरी दीडशे मैल, टॉरी ते ब्राइस महामार्ग १२ ने सव्वाशेच्या आत, ब्राइस ते झायन पंचाऐंशीच्या आसपास. नकाशा जो वेळ सांगतो त्यात मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर निदान तासभर मिळवा. महामार्ग ७० वर सॅलायना ते ग्रीन रिव्हर शंभराहून अधिक मैल ना पेट्रोल, ना दुकान. फोनला रेंज नसते, म्हणून उद्यान सेवेच्या अॅपमधली माहिती आणि नकाशे हॉटेलच्या वायफायवर उतरवून घ्या. कॅन्यनलँड्सला पाणी मोअॅबहूनच भरून न्या.

जेवणासाठी विजेचा कुकर, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि थेपले एवढ्यावर आमचं भागलं. ब्राइसला आठ हजार फुटांवर पाणी साधारण ९२ अंशांनाच उकळतं, त्यामुळे तांदूळ आधी भिजवा आणि पाणी जास्त घाला, नाहीतर भाताला कणी राहते. वरण तिथे नकोच.

शहरांसाठी या पासचा उपयोग थोडा, पण आहे. लास व्हेगासहून रेड रॉक कॅन्यन आणि लेक मीड दोन्ही पासवर होतात. रेड रॉकला ऑक्टोबर ते मे वेळेचं आरक्षण लागतं. हूव्हर धरणाच्या गाडीतळाचे पैसे वेगळे. आम्ही शहर नेहमी सहलीच्या शेवटी ठेवलं, म्हणजे कपडे धुऊन होतात, मुलं तरण तलावात उतरतात आणि आई-बाबांना एक दिवस गरम भारतीय जेवण मिळतं. शहराच्या मधोमध राहणार असाल तर हॉटेलचे गाडी लावण्याचे रोजचे पैसे आधी विचारा.

मुलांसाठी ज्युनिअर रेंजरची पुस्तिका प्रत्येक ठिकाणी आवर्जून मागितली. बहुतेक उद्यानांत ती मोफत असते. ती भरून दिली की रेंजर शपथ देतात आणि बिल्ला देतात. थोरलीला मेसा वर्देच्या कड्यांतली घरं बाराव्या-तेराव्या शतकातली आहेत हे त्या पुस्तिकेमुळे लक्षात राहिलं, माझ्या सांगण्याने राहिलं नसतं.

यंदा मेअखेर हा पास संपला की नवा लगेच घेणार नाही. जुलैच्या पहिल्या तारखेला घेईन, कारण त्याच महिन्यात ग्रँड टीटन आणि यलोस्टोन ठरलं आहे. दोन्हींचं प्रवेशशुल्क वेगवेगळं, गाडीमागे ३५ डॉलर. म्हणजे त्या एका सहलीतच सत्तर होतात आणि पुढच्या वर्षीच्या जुलैअखेरपर्यंत पास हातात राहतो.