सर्व्हरची मेमरी गळती: व्हॅलग्रिंड की लीकसॅनिटायझर?

सी किंवा सी++ मधला सर्व्हर, रिक्वेस्टगणिक चढत जाणारी मेमरी आणि लिनक्स. घेतलेली मेमरी परत न देणं, म्हणजेच गळती. एवढं जमलं की गाडी बहुधा ती शोधणाऱ्या व्हॅलग्रिंड आणि लीकसॅनिटायझर या दोन साधनांपाशी येऊन थांबते. मी दोन्ही वापरली आहेत, अजूनही वापरतो.

वेगात मात्र तुलनाच नाही. ॲड्रेससॅनिटायझरसोबत (कंपायलरचा मेमरी-चुका पकडणारा पर्याय) येणारा लीकसॅनिटायझर लावला की सर्व्हर साधारण दुपटीने मंदावतो. व्हॅलग्रिंडचा मेमचेक, म्हणजे त्याचा मेमरी तपासणारा भाग, वीस-तीस पट मंद, वर थ्रेड कितीही असोत, एका वेळी एकच पळवतो. पहिल्यांदा लावला तेव्हा लोड टेस्टचा क्लायंट टाइमआउट देऊ लागला आणि मी गळती सोडून अख्खी दुपार त्याच्याच मागे घालवली. सॅनिटायझरला वेगळा बिल्ड लागतो, व्हॅलग्रिंडला तयार बायनरी चालते, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

माझं घोडं अडलं ते दुसरीकडेच. लीकसॅनिटायझर हिशेब मांडतो प्रोसेस संपताना, आणि सर्व्हर काही आपणहून संपत नाही. सिगटर्म, म्हणजे प्रोसेसला थांब म्हणणारा सिग्नल, नीट हाताळलेला नसेल तर तो अहवाल न देताच मरतो. मधेच तपासणी करणारं फंक्शन कोडमधून बोलावता येतं, म्हणून तेही केलं. अहवाल कोरा! इकडे आरएसएस, म्हणजे प्रोसेसने प्रत्यक्ष व्यापलेली रॅम, चढतोच आहे.

कारण साधं होतं. ज्या ब्लॉकपर्यंत एखादा पॉइंटर अजून पोचतो, तो लीकसॅनिटायझरच्या लेखी गळलेला नसतो. माझ्या सर्व्हरात कनेक्शन तुटल्यावरही सेशनची नोंद ग्लोबल हॅश टेबलात तशीच पडून राहायची. पॉइंटर शाबूत, म्हणजे कागदोपत्री सगळं आलबेल. त्यात त्याची चूक नाही, व्याख्याच तशी आहे. पण दिवसेंदिवस चालणाऱ्या सर्व्हरात मला तरी याच जातीची गळती जास्त भेटली.

व्हॅलग्रिंडही असे ब्लॉक ‘स्टिल रीचेबल’ म्हणून बाजूला ठेवतो. फरक इतकाच, की चालू सर्व्हरला व्हीजीडीबीतून (व्हॅलग्रिंडला बाहेरून आज्ञा देणारा प्रोग्रॅम) विचारता येतं: मागच्या तपासणीनंतर काय वाढलं? त्याच्या लीक_चेक या आज्ञेला फुल, रीचेबल आणि इन्क्रीज्ड हे शब्द द्यायचे. आधी शंभरेक रिक्वेस्ट सोडून सर्व्हर तापवून घेतला, कारण पहिल्या काही रिक्वेस्टमध्ये बफर आणि कॅश भरत असतात. एक तपासणी केली, मग 777 रिक्वेस्ट सोडल्या आणि पुन्हा विचारलं. एका नोंदीत ब्लॉकच्या संख्येपुढे कंसात +777, खाली सेशन बनवणाऱ्या फंक्शनचा स्टॅक ट्रेस, म्हणजे मेमरी कुठून मागितली त्याची साखळी. आकडा मुद्दाम विचित्र घेतो. 1,000 घेतला तर तो कुठल्याही टेबलात योगायोगाने सापडतो.

तुमचा सर्व्हर एनजिनएक्स या वेब सर्व्हरसारखा पूलमधून, म्हणजे आधीच घेतलेल्या मोठ्या तुकड्यातून, मेमरी वाटत असेल, तर पूलच्या आतलं दोघांनाही आपोआप दिसत नाही. तिथे माझा अनुभव कामाचा नसेल. आणि गळती सरळसोट असेल, म्हणजे एखाद्या एरर पाथवर फ्री करायचं राहिलं असेल, तर लीकसॅनिटायझर ती झटक्यात दाखवतो. म्हणूनच दर कमिटच्या चाचणीत मी तोच ठेवला आहे. रात्रीच्या लांब चाचणीला मात्र व्हॅलग्रिंड, क्लायंटचा टाइमआउट 60 सेकंदांवर नेऊन.