जुनी .४५८ रायफल: आहे त्या चेंबरसाठी काडतुसं भरायची, की चेंबर वाढवून लॉट करायची?

जुनी .४५८ विंचेस्टर मॅग्नम हाती आली, नळी आतून स्वच्छ आहे, बोल्ट घट्ट बसतो, की मालकाच्या डोक्यात एकच प्रश्न घोळायला लागतो. तिला आहे तशी ठेवून घरी नीट काडतुसं भरावीत, की चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसण्याची जागा, लांब करून तिची .४५८ लॉट, म्हणजे त्याच व्यासाचं पण लांब काडतूस झाडणारी रायफल, करून घ्यावी? माझा कौल पहिल्या वाटेला आहे. दुसरी वाट चुकीची नाही, पण एकदा कापलेलं चेंबर पूर्ववत होत नाही, म्हणून ती घाईत धरू नये.

तक्रारीचं मूळ आधी समजून घेऊ. १९५६ साली .४५८ विंचेस्टर मॅग्नमचं काडतूस आलं तेव्हा ते साध्या लांबीच्या बोल्ट-रायफलीत बसावं आणि ताकद मात्र .४७० नायट्रो एक्सप्रेससारख्या दुनळी रायफलीची द्यावी, असा बेत होता. त्यासाठी ब्रासची, म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचाची, लांबी २.५ इंचांवर ठेवली. ५०० ग्रेनची गोळी म्हणजे साधारण ३२ ग्रॅम वजन. तिला सेकंदाला २१३० फुटांचा वेग द्यायचा तर इतक्या आखूड ब्रासमध्ये पावडर दाबून भरावी लागे. अशी दाबलेली पावडर काळाने गोळा होऊन नीट पेटत नसे, आणि आखूड नळीत वेग आणखी घसरे. १९५९ मध्ये मोझांबिकमध्ये रानम्हशीने जखमी केलेल्या जॅक लॉट यांनी पुढे ब्रास २.८ इंचांची केली आणि तीच ५०० ग्रेनची गोळी २३०० फुटांपर्यंत नेली. कागदावर ऊर्जा सुमारे ५०४० फूट-पौंडांवरून ५८७० च्या घरात जाते. फरक खरा आहे, आणि खांद्यालाही तितकाच खरा जाणवतो.

पण काडतुसं स्वतः भरणाऱ्याला त्या जुन्या तक्रारीतला बराच भाग आज लागू होत नाही. आता मिळणाऱ्या पावडरी कमी जागेत जास्त काम करतात. शिवाय ५०० ग्रेनचा हट्ट सोडून ४५० ग्रेनची गोळी घेतली तर पावडरीला जागा मोकळी होते. अख्ख्या तांब्याच्या गोळ्यांबाबत तर हे फारच महत्त्वाचं. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि ब्रासच्या आत जास्त घुसते. ४५० ग्रेनची अख्ख्या तांब्याची गोळी जुन्या चेंबरला छान जमते.

याच रायफलीचं दुसरं सुख फार थोडे लोक उपभोगतात. तिच्या गोळीचा व्यास १८७३ च्या .४५-७० काडतुसाच्या गोळीइतकाच आहे. त्यामुळे ३५० किंवा ४०५ ग्रेनच्या शिशाच्या गोळ्या हलक्या भरणीवर घालून दिवसभर सराव करता येतो. मोठ्या कॅलिबरची भीती मनातून जायला याहून चांगला उपाय मला माहीत नाही. भरणी मात्र छापील तक्त्यातलीच घ्यावी, खालच्या टोकापासून सुरुवात करावी, आणि मंद जळणारी पावडर कमी करून हलकी भरणी साधण्याचा खेळ मुळीच करू नये. अर्धवट भरलेल्या मंद पावडरीत दाब अचानक वाढू शकतो.

भरताना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. मॅगझिनमधली काडतुसं दर धक्क्याला पुढच्या भिंतीवर आदळतात आणि गोळी ब्रासमध्ये मागे सरकते. सरकली की दाब वाढतो. म्हणून गोळीवरच्या खाचेत ब्रासचं तोंड पक्कं दाबायलाच हवं. तीन गोळ्या झाडून चौथं काडतूस बाहेर काढावं आणि मोजपट्टीने लांबी तपासावी. ही सवय लागली नसेल तर काडतुसं भरू नयेत, असं मी स्पष्ट सांगतो.

आता लॉटकडे. चेंबर कापणं हे काम सोपं असतं, कारण ब्रास सरळ आहे आणि काडतूस आपल्या पट्ट्यावर, म्हणजे ब्रासच्या बुडाजवळच्या उंच कड्यावर, टेकतं. पट्टा दोन्हींत सारखाच. लॉटच्या चेंबरमधून अडीअडचणीला जुनं आखूड काडतूसही झाडता येतं, ही तिची मोठी बाजू. खरी अडचण मॅगझिनची. काही रायफलींत ते मुळातच लांब असतं, आत फक्त अडसर बसवलेला असतो. तो काढला की काम झालं. पण साध्या लांबीच्या माउझर ९८ वर जागा करायची तर खालच्या लॉकिंग लगच्या (बोल्टला अडकवून ठेवणाऱ्या दात्याच्या) आधाराजवळचं पोलाद खरवडावं लागतं. ज्या पोलादावर सगळा दाब येतो तेच पातळ करायचं, हे मला पटत नाही. अशा रायफलीला लॉट करूच नये. जिथे नळ्यांची सरकारी दाबचाचणी होते तिथे ती पुन्हा करून नवा शिक्का घ्यावा लागतो, हेही हिशेबात धरा.

पैसा आणि वेळ दोन्ही वाटांवर आधी दस्त्यावर घालावा. जुन्या लाकडी दस्त्याला बोल्टच्या मागे बारीक चीर आहे का ते पाहा. असेल तर रिकॉइल लगभोवती (धक्का दस्त्यावर घेणाऱ्या पोलादी दात्याभोवती) इपॉक्सीचं बेडिंग, म्हणजे घट्ट बसणारा थर, आणि आडवे पोलादी बोल्ट करून घ्या. नळीखाली दुसरा लग असेल तर उत्तमच. खांद्याला अडकवायच्या पट्ट्याची पुढची कडी दस्त्यावरून काढून नळीवर न्या, नाहीतर धक्क्याने ती पुढचा हात सोलते. चांगला रबरी पॅड आणि तुमच्या हाताला जुळणारी दस्त्याची लांबी यांनी जो फरक पडतो तो कुठल्याही जोडणीने पडत नाही. वजन ९ पौंडांवरून १० झालं तरी धक्क्याची ऊर्जा सुमारे दहा टक्के उतरते. मझल ब्रेकने (नळीच्या तोंडावरच्या, वायू बाजूला सोडणाऱ्या जोडाने) धक्का कमी होतो खरा, पण शेजारी उभ्या माणसाचे कान जातात, म्हणून तो मला नको वाटतो. दुर्बीण लावलीच तर डोळ्यापासून चार इंच तरी अंतर देणारी, आणि चटकन निघणाऱ्या माउंटवर, म्हणजे खाली उघडी साइट मोकळी राहते.

रायफल लांब मॅगझिनची असेल, अंगाने जड असेल, आणि तुम्ही जुन्या चेंबरमधून पूर्ण ताकदीच्या भरणीने दोनेकशे गोळ्या न बिचकता झाडल्या असतील, तर लॉट करून घ्या. चाप ओढताना डोळे मिटत असतील तर आणखी पावणेदोनशे फुटांचा वेग तुमच्या कामाचा नाही. तोवर शिशाच्या गोळ्या भरून ठेवा.