पत्रा, कौलं की स्लॅब: कुठल्या छपराची चूक निस्तरता येते ते बघून ठरवा

नवीन छप्पर घालायचं ठरलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, स्क्वेअर फुटाला किती पडेल. मग दोन-तीन कोटेशनं येतात, त्यातला सगळ्यात खालचा आकडा पकडला जातो आणि काम सुरू. खरं सांगायचं तर पत्रा काय, कौलं काय, स्लॅब काय, नीट घातलं तर तिन्ही वर्षानुवर्षं टिकतं आणि धसमुसळेपणा केला तर तिन्ही पहिल्याच मोठ्या पावसात गळतं. त्यामुळे कुठलं छप्पर भारी ह्या वादात मी पडतच नाही. मी बघतो ते असं, की ह्या प्रकारात माणसं नेमकी कुठे चुकतात, ती चूक कधी दिसते, आणि दिसल्यावर ती काढायला काय काय तोडावं लागतं. इथे ही तिन्ही छपरं इतकी वेगळी पडतात की निम्मा निर्णय तिथेच होतो.

आधी वजन बघा, बाकी सगळं नंतर

अर्धा मिमी जाडीचा स्टीलचा पत्रा स्क्वेअर मीटरला साधारण ४ ते ५ किलो भरतो. मातीची किंवा सिमेंटची कौलं ४० ते ६० किलो. आणि १२५ मिमीची आरसीसी स्लॅब घेतली तर ३०० किलोच्या वर, तेही नुसती स्लॅब, वरचा कोबा आणि टाइल वेगळ्या. म्हणजे भिंती त्याच, पाया तोच, पण डोक्यावरचा बोजा एकदम दहापट किंवा साठपट. पत्रा काढून "दिसायला छान" म्हणून कौलं घालायची असतील तर वासे, रिपा (कौलं ज्यांच्यावर टेकतात त्या आडव्या पट्ट्या), आढं (छपराच्या माथ्याचं लाकूड) सगळं नव्या वजनाला तपासून घ्यावं लागतं, नाहीतर दोन-तीन वर्षांत मधे पोक येतं आणि मग कौलांचे लॅप (एकमेकांवर चढलेल्या कडा) उघडतात.

ह्याच्या उलटी चूक मात्र कोणी बोलत नाही. जुनी कौलं काढून त्याच सांगाड्यावर पत्रा टाकला, वजन कमी झालं म्हणजे आता काळजीच नाही असं सगळ्यांना वाटतं. पण ती कौलं स्वतःच्या वजनाने छप्पर दाबून धरत होती. पत्रा हलका, वारा त्याला वर खेचतो, आणि जुने वासे बऱ्याचदा भिंतीवर नुसते टेकवलेले असतात, बांधलेले नसतात. मग वादळात पत्रा उडत नाही, पत्र्यासकट सांगाडा उठतो! त्यामुळे हा बदल करताना पत्रा पर्लिनला (पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्यांना), पर्लिन वाशांना, वासे भिंतीला असं सगळं खालपर्यंत अँकर करण्याचा खर्च कोटेशनमधे आहे का ते आधी विचारा. कडा, कोपरे आणि आढं इथे वाऱ्याची ओढ सगळ्यात जास्त असते, तिथे स्क्रू जवळजवळ लागतात, सगळीकडे एकसारखे नाही.

स्लॅबबद्दल एकच सांगतो, जुन्या भिंतींवर स्लॅब टाकायची असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरने बघितल्याशिवाय ॲडव्हान्ससुद्धा देऊ नका.

पत्रा: चुका लहान, पण शेकड्याने

पत्र्याच्या छपरात भोकं किती पडतात ह्याचा कधी विचार केलाय का? प्रत्येक स्क्रू म्हणजे एक भोक, आणि ते बंद ठेवतो एक रबरी वॉशर. काम चालू असताना वर चढता येत असेल तर चार-सहा स्क्रू जवळून बघाच. वॉशर टोपीच्या कडेला किंचित दिसतोय, सगळीकडून सारखा दबलाय, म्हणजे बरोबर. टोपीबाहेर भजीसारखा फुगून आलाय म्हणजे ड्रिल मशीन जास्त दाबलंय, असा रबर उन्हात लवकर चिरतो. बोटाने फिरतोय म्हणजे सैल. आणि स्क्रू तिरका गेला असेल तर एका बाजूने टोपी उचललेली दिसते, तिथून पाणी जाणारच, वरून कितीही सिलिकॉन फासा. स्क्रू उंचवट्यावर मारायचा की खोलगट भागात हे पत्र्याच्या कंपनीच्या कागदावर दिलेलं असतं, मिस्त्रीच्या मूडवर सोडू नका.

दुसरी चूक ग्राइंडरची. पत्रा साइटवर ग्राइंडरने कापला की ठिणग्या उडून आजूबाजूच्या कोटिंगवर चिकटतात, कापलेली कड जळते, आणि थोड्याच दिवसांत तांबूस ठिपके दिसायला लागतात. लोकं म्हणतात पत्रा डुप्लिकेट निघाला. पत्रा ठीक असतो हो, कापणं चुकलेलं असतं. कातर किंवा निबलर (पत्रा कुरतडत कापणारं यंत्र) वापरायला लावा आणि ड्रिलिंगचा बारीक चुरा त्याच दिवशी संध्याकाळी झाडून घ्या. पत्रे आणून उघड्यावर थप्पी मारून ठेवले आणि मधे पाणी शिरलं तर झिंकवर पांढरा गंज येतो, तो प्रकार आणखी वेगळा.

सगळ्यात महागाची जागा म्हणजे पत्रा जिथे भिंतीला भिडतो ती. तिथे सर्रास सिमेंटचा माल भरून मोकळे होतात. आता स्टील तापलं की वाढतं, १० मीटर लांबीच्या पत्र्यात ५० अंशांचा फरक पडला तर सुमारे ६ मिमी, आणि ही ये-जा रोज चालते. सिमेंटला ते झेपत नाही, तडा जातोच. शिवाय ओल्या सिमेंटमधला अल्कली ॲल्युमिनियम-झिंकचं कोटिंग खातो. ह्याला उपाय म्हणजे फ्लॅशिंग, सांध्यावर बसवायची वाकवलेली पत्र्याची पट्टी, वरची कड भिंतीत खाच पाडून त्यात घातलेली आणि खालची कड पत्र्यावर नुसती आलेली, म्हणजे पत्रा खालून मोकळा सरकतो. कोटेशनमधे "फ्लॅशिंग" हा शब्दच नसेल तर समजा की सिमेंट येणार आहे.

पण पत्र्याच्या बाजूने हेही म्हणायला हवं की ह्या बहुतेक चुका डोळ्याला दिसतात आणि काढता येतात. स्क्रू बदलता येतो, एक पत्रा बदलता येतो, फ्लॅशिंग नंतरही बसवता येतं. उन्हात तापणं, पावसाचा आवाज, थंडीत आतून थेंब सुटणं ह्या तक्रारी खऱ्या आहेत, पण त्या पत्र्याच्या नाहीत, खाली इन्सुलेशन न घातल्याच्या आहेत. नंतर घालायला गेलं तर पत्रे परत उचलायला लागतात, म्हणून ते आत्ताच. पैसे कमी पडत असतील तर रंगीत प्रोफाइलचा (पत्र्याच्या उंच-खोल आकाराचा) हट्ट सोडा, इन्सुलेशन सोडू नका.

कौलं: एकेक बदलता येतं, पण उताराशी तडजोड नाही

पत्रा ५ ते १० अंशांच्या उतारावरही चालतो, प्रोफाइल आणि लॅप बघून. कौलांना ते चालत नाही, बहुतेक प्रकारांना २० ते ३० अंशांच्या आसपास उतार लागतो, कारण कौलं पाणी अडवत नाहीत, ते पटकन खाली पळवतात. उतार कमी ठेवला की वाऱ्याबरोबर पाणी लॅपमधून उलटं वर चढतं. ही चूक एकदा सांगाड्यात गेली की ती कौलं बदलून जात नाही, वासेच उतरवावे लागतात. कौलांच्या कामात एवढी एकच चूक खरी महाग आहे, बाकीच्या सोसण्यासारख्या.

रिपांमधलं अंतर कौल हातात घेऊन, लावून बघून ठरवायचं, जुन्या मापावर नाही, कारण साचा बदलला की अंतर बदलतं. लाकूड वाळलेलं आणि वाळवीची ट्रीटमेंट केलेलं हवं, ओलं लाकूड नंतर पिळतं आणि कौलांची ओळ वाकडी होते. कौल बोटाने ठोकून बघा, नीट भाजलेलं असेल तर खणखणीत वाजतं, बद्द वाजलं तर चीर आहे किंवा कच्चं आहे. आणि त्याच लॉटची थोडी जास्तीची कौलं घेऊन ठेवा, काही वर्षांनी तशीच मिळतील ह्याची खात्री नाही आणि दुसऱ्या साच्याचं कौल शेजारच्यात बसत नाही.

कौलांखाली मेम्ब्रेन (पाणी अडवणारी शीट) घालणार असाल तर लक्षात ठेवा की कौलं तिच्यापेक्षा जास्त जगतात. वीस-पंचवीस वर्षांनी कौलं शाबूत आणि खालची शीट गेलेली असं होऊ शकतं, म्हणून शीटमधे काटकसर करू नका.

(शिंगल्सबद्दल, म्हणजे खवल्यांसारख्या एकावर एक लावायच्या डांबरी पट्ट्यांबद्दल, विचारणारे असतातच. वजनाला मधली, दिसायला नीटस, पण खाली प्लायवूड किंवा बोर्डाचा अखंड पाया लागतो आणि तो ओला राहिला की सगळं खालून कुजतं. हवा खेळती ठेवायची सोय आणि शिंगल्स लावण्याचा अनुभव असलेली टीम, दोन्ही नसेल तर ह्या वाटेला न गेलेलं बरं.)

स्लॅब: एका दिवसाचं काम, तिथे चुकलं की गेलं

स्लॅबला वाऱ्याची भीती नाही, वर गच्ची मिळते, टाकी ठेवता येते, डिझाइन तसं केलं असेल तर पुढे मजलाही चढवता येतो. ह्यातलं काहीच पत्र्यात मिळत नाही. पण स्लॅबची चूक त्या एका दिवशी आत गाडली जाते आणि बाहेर यायला कधी कधी काही वर्षं घेते, तोपर्यंत काँट्रॅक्टर पैसे घेऊन मोकळा.

काय होतं बघा. माल घट्ट वाटतो म्हणून कोणीतरी पाइप धरून पाणी सोडतं, काम सोपं होतं आणि काँक्रीटची ताकद घसरते, वर ते सच्छिद्रही होतं. सळईखाली कव्हर ब्लॉक नसले की सळई फळीला टेकते, मग काही वर्षांनी तीच सळई गंजून फुगते आणि छताचे पोपडे पडतात. छज्जाला किंवा बाल्कनीला वरची सळई असते, तिच्यावरून माणसं घमेली घेऊन चालतात, ती दबून खाली जाते आणि जिथे ताण येणार तिथे लोखंडच उरत नाही. व्हायब्रेटर नसेल तर पोकळ्या राहतात. आणि मग क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं, कमीत कमी ७ दिवस, ब्लेंडेड (राख किंवा स्लॅग मिसळलेलं) सिमेंट असेल तर १० दिवस पाणी अखंड हवं, सकाळ-संध्याकाळ बादली ओतून जाणं म्हणजे क्युरिंग नव्हे.

उताराचंही तसंच. सपाट स्लॅब कधीच खरी सपाट ठेवायची नसते, साधारण ८० ते १०० ला १ उतार लागतो, म्हणजे ४ मीटरला ४-५ सेंटीमीटर. आउटलेट एकच ठेवलं आणि ते पानांनी तुंबलं तर कठड्याच्या आत तळं होतं, १ सेंटीमीटर पाणी म्हणजे स्क्वेअर मीटरला १० किलो, ३० सेंटीमीटर साचलं की स्लॅबच्या स्वतःच्या वजनाइतका बोजा. दुसरं आउटलेट आणि कठड्यात एक ओव्हरफ्लोचं भोक, त्याला खर्च किती तो! वॉटरप्रूफिंग कठड्यावर ३० सेंटीमीटरपर्यंत चढवलेलं आणि कोपऱ्यात वाटा (मालाची गोलाई) मारलेला हवा, काटकोनात मेम्ब्रेन वाकवली की तिथेच फाटते.

गळती लागल्यावरचा त्रास तर विचारूच नका, पाणी एकीकडून शिरतं आणि चार-पाच फूट लांब टपकतं, त्यामुळे नेमकं कुठे उकरायचं तेच कळत नाही.

मग घ्यायचं काय

भिंती जुन्या आहेत, पाया किती खोल ते माहीत नाही, बजेट ताणलेलं आहे, तर इन्सुलेशनसकट पत्रा. उतार चांगला आहे, सांगाडा नवाच करायचाय आणि कौलं बसवणारी सराईत माणसं मिळतायत, तर कौलं, एकेक बदलत पिढी जाते. गच्ची किंवा वरचा मजला खरोखर हवा आहे आणि ओतायच्या दिवशी तुमच्या बाजूचा जाणकार माणूस सकाळपासून उभा राहणार आहे, तर स्लॅब. तो माणूस नसेल तर मी तरी स्लॅब घेणार नाही, पैसे असले तरी.

सोलर पॅनल लावायचा विचार असेल तर आत्ताच सांगा. पॅनल २५ वर्षं चालणार आणि छप्पर त्याआधी बदलायला लागणार असेल तर काढ-घालीचा खर्च डबल पडतो.

कोटेशन समोरासमोर ठेवताना

दोन पत्र्यांच्या कोटेशनमधे "०.५०" लिहिलंय म्हणून ते सारखे धरू नका. एक आकडा नुसत्या स्टीलचा असू शकतो आणि दुसरा कोटिंग, रंग धरून, म्हणजे दुसऱ्यात स्टील कमी. कोटिंगही विचारा, एझेड१५० म्हणजे ॲल्युमिनियम-झिंकचं कोटिंग दोन्ही बाजू मिळून स्क्वेअर मीटरला १५० ग्रॅम. हे लेखी द्यायला टाळाटाळ झाली की समजून जा.

मग बघायचं की काय लिहिलेलं नाही. जुनं छप्पर उतरवून हलवणं, फ्लॅशिंग, पन्हळ, खराब वासे निघाले तर त्याचा रेट, मचाण. स्वस्त कोटेशन बहुतेक वेळा इथेच स्वस्त असतं. जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस आहे का ते आधी तपासून घ्या, असेल तर ते फोडायचे नाहीत, कापायचे नाहीत, ते काम त्यातल्या माणसांनीच करायचं. पन्हळीचा हिशोब सोपा आहे, १ मिमी पाऊस म्हणजे स्क्वेअर मीटरला १ लिटर, १०० स्क्वेअर मीटरच्या छपरावर तासाला १०० मिमी पडला तर मिनिटाला दीडशेच्या वर लिटर पाणी, ते तुमच्या एका बारक्या पाइपातून जाईल का?

वॉरंटी दोन असतात, मालाची आणि कामाची. मालाची वीस वर्षांची दाखवतात, पण बसवणं कंपनीच्या सूचनेप्रमाणे नसेल तर ती लागू होईलच असं नाही. कामाची वॉरंटी वेगळी, लेखी, सहीसकट घ्या.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि शेवटचा हप्ता टेस्ट झाल्यावरच. स्लॅबवर ३-४ सेंटीमीटर पाणी ४८ तास भरून ठेवायचं, त्याहून जास्त भरायची गरज नाही. पत्रा आणि कौलांवर बागेचा पाइप घ्यायचा आणि खालून सुरुवात करायची, आधी वळचणीचा भाग, दहा-पंधरा मिनिटांनी थोडं वर, मग भिंतीचा सांधा, शेवटी आढं, आणि एक जण आत टॉर्च घेऊन उभा. वरून सुरुवात केली तर सगळंच ओलं होतं आणि कुठून आलं ते कोणालाच सांगता येत नाही.